जंगलात, नदीकाठी फुकट मुक्कामाची जागा कशी शोधायची?

प्रश्न असा आहे: काही आठवडे जंगलं आणि नद्या पाहत हिंडायचं आहे, थोडं गाडीने, थोडं पायी. सोबत तंबू आहे. रोज पैसे भरून कॅम्पसाइट घेणं परवडत नाही. ॲपवर बघून गेलं तर जागा बंद असते, भरलेली असते, नाहीतर कचऱ्याने घाण झालेली असते. मग फुकट आणि सुरक्षित जागा मिळवायची कशी?

बहुतेकांचा शोधायचा क्रमच उलटा असतो, म्हणून जागा मिळत नाही. आधी देखावा बघतात, मग सपाटी, मग पाणी किती जवळ ते. जमीन कुणाची हे कुणी येऊन उठवलं तरच कळतं आणि पाणी कुठवर चढतं हे रात्री कळतं. तुम्ही हाच क्रम फिरवा. पहिला प्रश्न मालकीचा, दुसरा पाणी कुठवर पोचतं याचा आणि सोय, सावली, देखावा हे सगळं त्यानंतर. या क्रमाने शोधलंत तर ॲपवरच्या ठिपक्यांची गरज फारशी उरत नाही.

मालकीपासून सुरुवात करू. पैसे लागत नाहीत म्हणून परवानगीही लागत नाही, असं जगात फार थोड्या ठिकाणी आहे. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये मोकळ्या निसर्गात हिंडण्याचा आणि तंबू ठोकून रात्र काढण्याचा हक्क सगळ्यांना आहे. नॉर्वेत तो १९५७ च्या कायद्यात लिहिलेला आहे. राहत्या घरापासून निदान १५० मीटर लांब राहायचं आणि एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त थांबायचं असेल तर मालकाला विचारायचं. डोंगरात, वस्तीपासून फार दूर असाल तर दोन रात्रींची अट नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने असाच हक्क दिला आहे, पण लॉख लोमंड या तळ्याच्या परिसरातल्या काही काठांवर मार्च ते सप्टेंबर या काळात परवाना लागतो. शेजारच्या इंग्लंडमध्ये असा सरसकट हक्क नाही, तिथे जमीनमालकाला विचारावंच लागतं. नैऋत्येचा डार्टमूर हा माळरानाचा मुलूख त्याला अपवाद. तिथला तंबू ठोकण्याचा हक्क कोर्टात गेला होता आणि मे २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

अमेरिकेत ‘नॅशनल फॉरेस्ट’ आणि ‘नॅशनल पार्क’ यांतला फरक आधी नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच होतो. नॅशनल फॉरेस्टमध्ये आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या जमिनींवर, मनाई नसेल तिथे, आखीव कॅम्पसाइटच्या बाहेर फुकट राहता येतं. एका जागी साधारण १४ दिवसांची मर्यादा असते. नॅशनल पार्कमध्ये मात्र आडरानात राहायला बहुतेक ठिकाणी परवाना लागतो. दोघांची हद्द कित्येकदा एकाच रस्त्यावर एकमेकींना लागून असते, त्यामुळे दोन किलोमीटर मागे आलं तरी प्रश्न सुटतो. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात कॅनडाच्या रहिवाशांना सरकारी जमिनीवर एका जागी वर्षात २१ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. परदेशातून येणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. एस्टोनियात तर सरकारी वनसंस्थाच जंगलांत फुकट मुक्कामाच्या जागा राखते आणि त्यांचा नकाशाही देते. डेन्मार्कच्या कितीतरी सरकारी जंगलांत एक रात्र, जास्तीत जास्त दोन छोटे तंबू, एवढ्या अटीवर कुठेही राहता येतं.

भारतात चित्र वेगळं आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि विस्तव पेटवणं गुन्हा ठरतो. अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो, म्हणजे तिथे प्रवेशालाच परवानगी हवी. तेव्हा इथे फुकट जागा मिळते ती खासगी किंवा गावच्या जमिनीवर विचारून, नाहीतर वनखात्याची परवानगी काढून. भाडं कदाचित लागणार नाही, पण विचारावं मात्र लागेलच.

विचारायचं कसं, यावर बरंच अवलंबून असतं. “इथे राहू का?” असं विचारलं की समोरच्याला जबाबदारी घ्यावी लागते, मग तो सरळ नाही म्हणतो. त्याऐवजी आपण किती जण आहोत, किती वाजता निघणार, चूल पेटवणार नाही, हे आधी सांगा आणि मग “कुणाला अडचण होणार नाही अशी जागा कुठली?” असं विचारा. वनरक्षक, मेंढपाळ, मासेमारी करणारे, काठावर शेत असलेला माणूस, यांना नदीबद्दल जे ठाऊक असतं ते कुठल्याच नकाशात नसतं. त्यांना आवर्जून विचारा, पाणी जास्तीत जास्त कुठवर आलं होतं? बहुतेक जण हात करून एखादं झाड किंवा दगड दाखवतात. त्या खुणेच्या खाली तंबू लावायचा नाही.

आता नकाशा. निघण्याच्या आदल्या रात्री मी उद्याच्या वाटेवरच्या तीन-चार संभाव्य जागा हेरून ठेवतो. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारा नकाशा घ्या आणि जिथे रेषा एकमेकींपासून लांब जातात पण नदीपासून दोन-तीन रेषा वर असतात, तिथे खूण करा. एक मर्यादा लक्षात असू द्या. नकाशावर रेषांमधलं अंतर २० मीटर उंचीचं असेल, तर पाच-सात मीटरचं टेकाड किंवा खड्डा त्यात दिसणारच नाही. नकाशा फक्त कुठे जाऊन बघायचं ते सांगतो, तंबू कुठे लावायचा ते जागेवरच ठरतं.

दुसरं हत्यार म्हणजे उपग्रहाची जुनी छायाचित्रं. गूगल अर्थवर एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांतली आणि ऋतूंतली चित्रं मागे-पुढे करून बघता येतात आणि हे फुकट आहे. नदीच्या वळणावरचा वाळूचा सुंदर पट्टा घ्या. उन्हाळ्याच्या चित्रात तो रुंद, कोरडा, तंबूसाठीच केल्यासारखा दिसतो. दोन-तीन वर्षांची चित्रं एकामागून एक लावून बघा. पट्ट्याचा आकार बदललेला असेल, टोक कधी वर, कधी खाली सरकलेलं असेल, मधली झुडपं एका वर्षी आहेत आणि पुढच्या वर्षी नाहीत, तर त्याचा अर्थ सरळ आहे: नदी हा पट्टा दर पुरात उचलते आणि पुन्हा मांडते. शेजारच्या काठावरचं झाडांचं बेट मात्र सगळ्या चित्रांत जिथल्या तिथे असेल, तर जागा त्या झाडांच्या पलीकडे शोधायची.

नदीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथली चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. ७ ऑगस्ट १९९६ रोजी स्पेनमध्ये पिरेनीज पर्वतातल्या बिएस्कास गावाजवळच्या कॅम्पसाइटवर ओढ्याचा लोंढा आला आणि ८७ माणसं गेली. ती रीतसर चालवलेली कॅम्पसाइट होती. पण ती वसली होती ओढा डोंगरातून मोकळ्यावर उतरतो तिथे साचलेल्या गाळाच्या सपाटीवर. अशी सपाटी त्या ओढ्यानेच टाकलेली असते. ती तंबूला उत्तम दिसते आणि डोंगरात ढगफुटी झाली की ओढा परत तिथेच येतो. अमेरिकेत अर्कान्सा राज्यात ११ जून २०१० च्या पहाटे लिटल मिझुरी नदी काही तासांत तीन-चार फुटांवरून वीस फुटांच्या वर गेली. काठावरच्या मुक्कामात झोपलेल्यांपैकी २० जण वाहून गेले. पाऊस जिथे पडला ते ठिकाण आणि माणसं जिथे झोपली ते ठिकाण एकच असायला हवं असं नाही. म्हणून हवामानाचा अंदाज बघताना तुमच्या जागेचा बघून भागत नाही. नदीच्या वरच्या अंगाच्या डोंगरांचा अंदाज बघा.

आणि वर धरण असेल तर पावसाचाही भरवसा नाही. ८ जून २०१४ ला हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रातल्या दगडांवर उभे असलेले २४ विद्यार्थी जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. नकाशावर वरच्या अंगाला धरण, बंधारा किंवा वीजप्रकल्प दिसला, की त्या नदीच्या पात्रात आणि पात्राला लागून मुक्काम करायचा नाही. आभाळ निरभ्र असलं तरी नाही.

पाणी कुठवर येतं हे कुणाला विचारता आलं नाही, तर काठच सांगतो. पात्राच्या कडेला उभे राहा आणि खाली बघण्याऐवजी झुडपांत वर बघा. फांद्यांच्या बेचक्यांत वाळकं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या दिसतील, बहुतेक एकाच उंचीवर आणि सगळ्या प्रवाहाच्या दिशेला ओघळलेल्या. पाणी तिथपर्यंत होतं. कधी ही रेघ गुडघ्याला असते, कधी डोक्याच्या वर. खोडांवर गाळाचा फिकट पट्टा आहे का ते बघा. झुडपं सगळी एकाच बाजूला वाकलेली असतील तर तीही त्याच पुराची खूण. मग दगड बघा. गोल, गुळगुळीत, स्वच्छ दगड म्हणजे पाणी त्यांना अधूनमधून फिरवतं. दगडांवर दगडफुलाचे जुने, रुंद डाग असतील तर ते बरीच वर्षं हललेले नाहीत, कारण दगडफूल फार सावकाश वाढतं. पायाखालची माती चाचपा. बारीक, थरांची, भेगाळलेली असेल तर तो गाळ आहे. पानांचा कुजलेला जाड थर आणि त्याखाली काळी माती असेल तर पूर इथे क्वचितच येतो.

माझा नियम असा की सगळ्यात वरच्या खुणेच्या निदान एक पुरुषभर उंचीवर तंबू लावायचा आणि तंबूपासून वर चढून जायला अशी वाट हवी, की जिच्यात कुठलाही ओहोळ ओलांडावा लागणार नाही. ही दुसरी अट लोक विसरतात. दोन प्रवाहांमधलं उंच बेट कोरडं राहीलही, पण तुम्ही तिथे अडकून पडता. वाहतं पाणी फक्त सहा इंच खोल असलं तरी त्यात धडधाकट माणसाचा पाय सुटू शकतो. अंधारात ते ओलांडून बाहेर पडू, असा हिशेब धरू नका. कोरडा नालाही नदीच समजा. वाळवंटी आणि खडकाळ मुलखात तर जास्तच.

पूर येत नसला तरी पाण्याला चिकटून राहू नये. अमेरिकेत ‘लीव्ह नो ट्रेस’ची, म्हणजे मागे खूण न ठेवण्याची, शिकवण काठापासून साधारण ६० मीटर लांब राहायला सांगते. बऱ्याच संरक्षित भागांत असा नियमच आहे. जनावरांची पाण्यावर यायची वेळ संध्याकाळ आणि पहाट, म्हणजे नेमकी तुम्ही तंबूत असण्याची. काठावर खुरांचे, पंजांचे ठसे एका जागी दाटलेले दिसले, गवत तुडवून पडलेली अरुंद वाट पाण्याकडे उतरत असली, तर तो पाणवठा आहे. तिथून बाजूला व्हा. मगरींचा मुलूख असेल तर हिशेब आणखी कडक. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचं सरकार पाण्यापासून ५० मीटर लांब आणि भरतीच्या वा पुराच्या रेषेहून दोन मीटर वर राहायला सांगतं. अस्वलांच्या जंगलात स्वयंपाक आणि अन्नाचा साठा तंबूपासून शंभरेक मीटरवर ठेवतात आणि जेवताना अंगावर असलेले कपडे घालून झोपत नाहीत.

शिवाय रात्री थंड हवा उतारावरून वाहत दरीच्या तळाशी साचते. तिथे नदीचा ओलावा असतोच, त्यामुळे सकाळी तंबू आतून-बाहेरून निथळत असतो. तेच वीस-तीस मीटर वर चढलं तर ऊब लक्षात येण्याइतकी वाढते आणि दव कमी होतं. पुरापासून वर जायचं कारण आणि थंडीपासून वर जायचं कारण एकच जागा दाखवतात, ही सोयीची गोष्ट आहे. फक्त पार धारेवर किंवा माथ्यावर जाऊ नका. तिथे वारा असतो आणि वीज पडण्याचा धोकाही.

जागा पसंत पडली की सामान उतरवण्याआधी मान वर करा. वाळलेली फांदी, अर्धवट मोडून दुसऱ्या झाडात अडकलेलं खोड, बुंध्याशी पोकळी किंवा अळंबी असलेलं झाड, यांच्या पडण्याच्या टप्प्यात तंबू नको. वारा नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ऑस्ट्रेलियात नदीकाठी वाढणारा रिव्हर रेड गम नावाचा निलगिरीच्या जातीचा वृक्ष उन्हाळ्यात शांत हवेतही हिरवीगार जाड फांदी टाकतो. उतारावर असाल तर वरून दगड घरंगळत येतात का, तेही बघा. ताज्या तुटलेल्या कडांचे दगड सांगतात की येतात. मग जिथे झोपणार तिथे पाच मिनिटं आडवे पडा. डोकं कुठल्या बाजूला घ्यायचं, मुळी कुठे टोचते, पाऊस आला तर पाणी कुठून वाहत येईल, हे सगळं त्या पाच मिनिटांत कळतं. मुंग्यांची रांगही कळते.

गाडी असेल तर तिचं तोंड बाहेरच्या वाटेकडे करून ठेवा. चिकणमातीचा रस्ता संध्याकाळी कडक असतो आणि पहाटेच्या एका सरीने असा होतो की चाकं जागीच फिरतात. आत शिरण्याआधी रस्त्यावरचे जुने चाकोरे बघा. ते खोल आणि वाळलेले असतील, तर पावसात इथे कुणीतरी रुतलं होतं. संशय आला तर गाडी पक्क्या रस्त्यालगत ठेवून तंबू घेऊन चालत आत जा. चांगल्या फुकट जागा रस्त्यापासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की सापडतात, कारण बहुतेक लोक तेवढंही चालत नाहीत.

ॲप पूर्ण टाकून द्या असं मी म्हणणार नाही. आयओव्हरलँडर किंवा पार्कफोरनाइटवर लोकांनी लिहिलेल्या नोंदी उपयोगाच्या असतात, मात्र वाचायच्या त्या तक्रारी आणि तारखा. “पोलिसांनी उठवलं”, “आता फाटक लावलंय”, “पाणी आटलं” ही वाक्यं पाच ताऱ्यांपेक्षा जास्त सांगतात. वर्षभरात एकही नोंद नसेल तर जागा बंद झाली असंच धरून चाला. ठिपक्यावर जाऊन गर्दी दिसली तर तोच रस्ता नकाशावर पुढे दोन-तीन किलोमीटर बघा. जमिनीची मालकी तीच असेल, तर तशीच दुसरी जागा मिळायची शक्यता बरीच असते. एक कळकळीची विनंती. लहान, नाजूक, गवताळ जागेचा नेमका ठावठिकाणा ॲपवर टाकू नका. एका हंगामात तिथे चुलींचे डाग आणि कागदाचे बोळे होतात, मालक कंटाळतो आणि फाटक लागतं. तुम्हाला बंद आणि घाण मिळालेल्या जागा अशाच तयार झाल्या आहेत.

म्हणून मागे काय ठेवता हेही जागा शोधण्याचाच भाग समजा. आधीच मळलेली, कडक, खडकाळ किंवा वाळूची जमीन निवडा. कोवळ्या गवतावर एक रात्र काढली तर ते पुन्हा उभं राहतं, तिथेच चार रात्री काढल्या तर नाही. शौचाला पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून मागे बुजवा आणि कागद पिशवीत घालून परत न्या. विस्तव शक्यतो टाळा, छोटा गॅस स्टोव्ह पुरतो. नॉर्वेत १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आणि जंगलालगत उघड्या विस्तवाला बंदी असते, कोरड्या हंगामात इतर अनेक देशांतही असते. परवानगी असलीच तर चुलीला नदीतले ओले दगड लावू नका. आतलं पाणी तापून दगड फुटतो आणि कपच्या उडतात. नदीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी खळखळून एक मिनिट उकळा, दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं.

शेवटी वेळेचं. शोध सूर्यास्ताच्या दोन तास आधी सुरू व्हायला हवा, कारण वर सांगितलेल्या खुणा टॉर्चच्या उजेडात दिसत नाहीत. पहिली जागा नाकारायला मन धजावं म्हणून दुसरी आणि तिसरी आधीच हेरून ठेवलेली असते. तिन्ही फसल्या आणि अर्धा तास उजेड उरला असेल, तर शोध थांबवा आणि जवळच्या वस्तीत जाऊन विचारा, गाडीतच झोपा किंवा त्या रात्रीपुरते पैसे भरून कॅम्पसाइट घ्या. काही आठवड्यांच्या भटकंतीत अशा दोन-चार रात्रींचे पैसे आधीच धरून ठेवा. ते धरलेले नसतात तेव्हाच माणूस अंधारात “एका रात्रीने काय होतंय” म्हणत पात्रात तंबू लावतो.